अर्धशक्तीचा नियम : कस्तुरबा गांधी मार्ग आणि उतारवयातील व्यायामाची मराठी परंपरा

नवी दिल्लीतील कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळातून निघून इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनी चौकाला मिळणारा कस्तुरबा गांधी मार्ग हा ब्रिटिशांनी १९११ नंतर आखलेल्या राजधानीच्या मूळ रस्त्यांपैकी एक असून, १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झन यांच्या नावावरून पूर्वी त्याला कर्झन रोड म्हणत असत. आज या मार्गावर परदेशी सांस्कृतिक केंद्रे, वृत्तपत्राची कचेरी आणि उंच कार्यालयीन इमारती दाटीने उभ्या आहेत. परंतु मराठी इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर इंडिया गेटच्या बाजूला असलेल्या दोन वास्तू अधिक लक्ष वेधून घेतात. पहिली वास्तू म्हणजे एडविन लट्यन्स यांनी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी रचलेले आणि १९३६ मध्ये पुरे झालेले बडोदा हाउस, ज्यात आता उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. आणि दुसरी म्हणजे २०१३ मध्ये सुरू झालेले नवे महाराष्ट्र सदन, ज्याच्या उपाहारगृहात दिल्लीकर मराठी माणसांइतकेच अमराठी खवय्येही मराठी जेवणासाठी येतात.

एक वास्तू व्यायामाला राजाश्रय देणाऱ्या मराठी संस्थानाची आणि दुसरी आजच्या मराठी राज्याची असल्याने, त्या दोहोंच्या दरम्यानच्या काळात मराठी समाजातील एका प्रथेत कोणता बदल झाला, हे तपासण्यासाठी हा मार्ग सोयीचा ठरतो. ती प्रथा म्हणजे पन्नाशी-साठी उलटलेल्या स्त्री-पुरुषांनी अंगावरचा मेद उतरवण्यासाठी आणि शरीर चालते ठेवण्यासाठी नेमाने केलेला व्यायाम. ही प्रथा आज इतकी रूढ झाली आहे की ती पूर्वापार चालत आलेली असावी असे वाटते; प्रत्यक्षात मात्र जुन्या शास्त्राने वृद्धांना व्यायाम वर्ज्य सांगितला होता, आणि तो निषेध विसाव्या शतकात हळूहळू मागे पडला. तो मागे पडताना त्याच शास्त्राने सांगितलेला दुसरा एक नियम, म्हणजे आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच श्रम करण्याचा, टिकून राहिला. आणि उतारवयात वजन कमी करू पाहणाऱ्यांना आजही उपयोगी पडणारे बहुतेक व्यावहारिक शहाणपण या दुसऱ्या नियमाभोवतीच गोळा झालेले आढळते.

वाग्भटाचा निषेध

आयुर्वेदाच्या ग्रंथांपैकी वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथाला महाराष्ट्रात विशेष मान होता. देवगिरीच्या यादवांच्या दरबारातील मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात त्यावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, यावरून त्या ग्रंथाचे येथील स्थान लक्षात येते. त्याच्या दिनचर्येच्या अध्यायात व्यायामाचे फायदे सांगताना शरीराला येणारा हलकेपणा, कामाचा उरक, प्रदीप्त झालेला जठराग्नी म्हणजे पचनशक्ती, आणि मेदाचा क्षय यांचा उल्लेख येतो. मात्र लगेच पुढे वातपित्ताचे विकार असलेल्यांनी, बालकांनी, वृद्धांनी आणि अजीर्ण झालेल्यांनी व्यायाम करू नये असे सांगितले असून, बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच आणि इतर ऋतूंत त्याहून मंद व्यायाम करावा, असा दंडक घातला आहे. ‘सुश्रुतसंहिते’तही अर्धशक्तीची ही कल्पना येते, तेथे धाप लागून तोंडाने श्वास घ्यावा लागणे ही थांबण्याची खूण मानली आहे, आणि वय, बल, शरीर, देश, काल व आहार यांचा विचार करूनच व्यायाम करावा असे बजावले आहे.

स्थूलतेचा स्वतंत्र विचार ‘चरकसंहिते’च्या सूत्रस्थानात सापडतो. अतिस्थूल माणसाला जे दोष जडतात त्यांत आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दुर्बलता, अतिभूक आणि अतितहान यांचा समावेश केला असून, उपचार म्हणून पचायला जड पण पोषणाला हलके अन्न द्यावे, असा काहीसा अनपेक्षित सल्ला दिला आहे. पोट भरल्याची जाणीव राहावी आणि तरीही शरीरात मेद साठू नये, हा त्यामागील हेतू असून, जव आणि मूग यांसारखी धान्ये त्या दृष्टीने योग्य मानली आहेत. आजच्या आहारशास्त्रात तंतुमय पदार्थांची जी बाजू मांडली जाते, तिच्याशी हा विचार बराच जुळतो. व्यायाम, जागरण आणि चिंतन ही क्रमाक्रमाने वाढवावीत, एकदम नव्हे, असेही चरकाने सांगितले आहे. म्हणजे घाईने वजन उतरवण्याला प्राचीन वैद्यकाचा पाठिंबा नव्हता.

या शास्त्राचा आणि व्यवहाराचा मेळ मात्र पूर्णपणे बसत नव्हता. पेशवाईच्या अखेरीपासून मराठी मुलखात वाढलेली तालीम, म्हणजे कुस्ती, दंड, बैठका, मल्लखांब आणि जोडी यांचा सराव करण्याची जागा, ही तरुणांची होती, आणि तेथे अर्ध्या शक्तीचा नियम पाळण्यापेक्षा पूर्ण शक्ती कमावण्याकडे ओढा होता. वय वाढले की पहिलवान वस्ताद होई, म्हणजे शिकवण्याच्या भूमिकेत जाई. त्याचा स्वतःचा सराव आटोपत येई, परंतु दूध, तूप आणि बदामाचा खुराक अनेकदा तसाच चालू राही. श्रम घटल्यावरही आहार न घटणे हे उतारवयातील स्थूलतेचे सर्वांत साधे कारण असून, तालमीच्या संस्कृतीत त्यावर तोडगा नव्हता. स्त्रियांचा तर तालमीशी संबंधच नव्हता. जात्यावरचे दळण, विहिरीवरचे पाणी आणि मुसळाचे कांडण यांतच त्यांचे श्रम होत. पुढे पिठाची गिरणी आणि घरातला नळ आल्यावर ते श्रम सुदैवाने कमी झाले, पण त्यांची जागा घेणारी दुसरी हालचाल समाजाने त्यांना फार उशिरा दिली.

बडोदे : व्यायामाचे शास्त्र

गायकवाडांचे बडोदे हे गुजरातीभाषक प्रजेचे आणि मराठी राजघराण्याचे संस्थान असल्याने महाराष्ट्रातील अनेक विद्वानांप्रमाणे तालीमबाजांनाही तेथे आश्रय मिळत असे. सयाजीरावांपूर्वी गादीवर असलेल्या खंडेराव गायकवाडांचा कुस्तीचा षोक प्रसिद्ध होता. सयाजीरावांच्या कारकिर्दीत मात्र व्यायामाकडे षोकाऐवजी शिक्षण म्हणून पाहण्याची दृष्टी वाढीस लागली. बडोद्यातील जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा पुढे नेणाऱ्या प्रोफेसर माणिकराव यांनी भारतीय भाषेतील हुकमांवर चालणारी सामुदायिक कवायत तयार केली, आणि सयाजीरावांनी त्यांना राजरत्न ही पदवी दिली. सामुदायिक कवायतीचे महत्त्व असे की, व्यायाम हा दोन मल्लांच्या झुंजीपासून सुटा होऊन शेकडो सामान्य माणसांनी ठरलेल्या वेळी एकत्र करण्याची गोष्ट बनला. आज बागेत जमून हातवारे करणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटांचे मूळ शोधायचे झाले, तर ते कुस्तीच्या हौद्यात न सापडता या कवायतीत सापडण्याची शक्यता अधिक आहे.

माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० या काळात तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे हे पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेले. संस्थानातील डभोई येथे १८८३ मध्ये जन्मलेल्या कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आसने व प्राणायाम यांच्या शारीरिक परिणामांचे प्रयोगशाळेतील मोजमाप प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तालमीतून योगाकडे झालेल्या या प्रवासामुळे, ज्याला दंडबैठका झेपत नाहीत अशा प्रौढ माणसालाही करता येईल असा व्यायाम आधुनिक भाषेत मांडला गेला. महात्मा गांधींना १९२७ मध्ये रक्तदाबाचा त्रास होऊ लागला, तेव्हा त्यांनी कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांबाबत मार्गदर्शन घेतले होते. त्या वेळी गांधींचे वय ५७ होते. व्यायामाचा सल्ला वैद्यकीय कारणासाठी, मोजमाप ठेवून आणि उतारवयाकडे झुकलेल्या माणसाला दिला जाण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय.

बडोद्याच्या या परंपरेचे ग्रंथरूप म्हणजे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’. मराठीतील या कोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झाले आणि १९५० मध्ये त्याची संक्षिप्त इंग्रजी आवृत्तीही निघाली. योगायोगाने १९३६ हे साल या इतिहासात अनेक बाजूंनी महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी दिल्लीत बडोदा हाउस पुरे झाले, कोशाचे प्रकाशन सुरू झाले, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, आणि औंधचे राजे लंडनला जाऊन तेथील वृत्तपत्रांच्या कुतूहलाचा विषय झाले.

औंध : राजाचे वय आणि नमस्कार

सातारा भागातील औंध या छोट्या संस्थानाचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. त्यांनी १८९७ मध्ये युजीन सँडो या युरोपीय शरीरसौष्ठवपटूची साधने व पुस्तक मागवून त्या पद्धतीने सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला आणि त्यानंतर, म्हणजे चाळिशीच्या सुमारास, सूर्यनमस्काराकडे वळले. सूर्यनमस्कार म्हणजे उभे राहणे, वाकणे, मागे पाय टाकणे, साष्टांग भूमीला टेकणे आणि पुन्हा उभे राहणे अशा ठरलेल्या स्थितींची मालिका. भवानरावांच्या पद्धतीत दहा स्थिती असून प्रत्येक नमस्काराबरोबर सूर्याच्या नावाचा मंत्रोच्चार केला जाई. त्यांनी संस्थानातील शाळांत ही पद्धत लागू केली, तिच्यावर पुस्तके लिहिली, आणि इंग्लंडमधील पत्रकार लुईस मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

या चळवळीचे वैशिष्ट्य असे की तिचा सर्वांत प्रभावी पुरावा म्हणून राजाचे स्वतःचे वय पुढे केले जाई. तरुण मल्लाची पिळदार छाती दाखवणाऱ्या जाहिरातींच्या काळात, सत्तरीकडे झुकलेला माणूस रोज पहाटे नमस्कार घालतो आणि राजघराण्यातील स्त्रियाही ते घालतात, ही गोष्ट वाचकांना नवी होती. औंधमध्येच अनेक वर्षे राहिलेले वेदाभ्यासक श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनीही आसने आणि सूर्यभेदन व्यायाम यांवर लेखन केले आणि ते १०० वर्षे जगले. भवानरावांचे निधन १९५१ मध्ये वयाच्या ८२व्या वर्षी झाले. अर्थात दीर्घायुषी व्यक्तींच्या उदाहरणांवरून व्यायामामुळेच आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही, कारण नेमाने व्यायाम करूनही अकाली गेलेल्यांची नावे कोणी नोंदवून ठेवत नाही. परंतु वृद्धाने व्यायाम करणे अयोग्य किंवा हास्यास्पद आहे ही समजूत मोडण्यासाठी अशी उदाहरणे पुरेशी होती, आणि वाग्भटाचा निषेध व्यवहारात सैल झाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

औंधच्या पद्धतीतून व्यावहारिक दृष्ट्या दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे व्यायामाला साधन, खर्च किंवा खास जागा लागू नये, म्हणजे तो टाळण्याची सबब उरत नाही. दुसरी म्हणजे तो दिवसाच्या एखाद्या अगोदरच पक्क्या असलेल्या कृतीशी बांधलेला असावा. स्नानसंध्येच्या वेळेला जोडलेले नमस्कार टिकले, याचे कारण ती वेळ रोज नव्याने ठरवावी लागत नसे. तरीही नमस्कारांची मोठी संख्या हे उतारवयातील सर्वांसाठी योग्य ध्येय नव्हे. गुडघ्यांची झीज, कंबरेचे दुखणे, अनियंत्रित रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली जाणाऱ्या आणि गुडघ्यावर भार टाकणाऱ्या स्थिती वैद्यकीय सल्ल्याशिवाय करू नयेत.

आगाखान राजवाडा : आहार आणि सोबत

ज्यांचे नाव या मार्गाला दिले गेले, त्या कस्तुरबांच्या आयुष्याशीही या विषयाचा थेट संबंध येतो. दक्षिण आफ्रिकेत शस्त्रक्रियेनंतर त्यांचा रक्तस्राव थांबेना, तेव्हा गांधींनी त्यांना मीठ आणि डाळी सोडण्याचा आग्रह केला. त्यावर, वैद्याने सांगितले तर तुम्हालाही हे सोडवणार नाही, असे उत्तर कस्तुरबांनी दिले, आणि गांधींनी त्याच क्षणी वर्षभरासाठी दोन्ही पदार्थ सोडल्याचे जाहीर केले. आत्मकथेत गांधींनी या प्रसंगाला घरगुती सत्याग्रहाचे रूप दिले आहे. पतीच्या प्रतिज्ञेचे दडपण पत्नीवर आले, हे त्यातील असमान नाते आजच्या वाचकाला खटकू शकते. परंतु पथ्य ज्याला सांगितले त्याच्या ताटापुरतेच न ठेवता घरातील दुसऱ्याने ते स्वतःवर घेतल्याशिवाय टिकत नाही, ही जाण त्या प्रसंगात निश्चित दिसते. इंग्लंडमधील पन्नाशीपुढच्या ३,७२२ जोडप्यांच्या माहितीवर आधारलेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेने जातो. जोडीदाराने त्याच काळात व्यायाम सुरू केला किंवा वजन घटवले, तर दुसऱ्यानेही तसे करण्याची शक्यता बरीच वाढते, असे त्यात आढळले.

भारत छोडो आंदोलनाच्या आरंभी, ऑगस्ट १९४२ मध्ये, गांधी आणि कस्तुरबा या दोघांनाही पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध करण्यात आले, आणि तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. या स्थानबद्धतेत गांधींनी २८ ऑगस्ट ते १८ डिसेंबर १९४२ या काळात आरोग्यावरील आपले जुने लेखन नव्याने मांडून ‘आरोग्याची किल्ली’ ही पुस्तिका लिहिली. त्यात बैठे काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहाराचे त्यांनी वजनी प्रमाण दिले आहे, ते सुमारे ९०० ग्रॅम गाईचे दूध, १७० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम पालेभाजी, १४० ग्रॅम इतर भाज्या, थोड्या कच्च्या भाज्या, ४० ग्रॅमच्या आसपास तूप आणि तितकाच गूळ असे भरते. आजच्या मापाने दूध व गूळ जास्त वाटतील. मात्र धान्याला घातलेली मर्यादा आणि अन्न औषधासारखे मोजून घ्यावे ही दृष्टी, भात-पोळीने ताट भरणाऱ्या मध्यमवर्गाला आजही उपयुक्त आहे. गांधींचा मुख्य व्यायाम मात्र आयुष्यभर एकच राहिला. शाळेतील कसरतीची नावड असलेल्या या माणसाला मोकळ्या हवेत लांब चालण्याची सवय विद्यार्थिदशेत लागली, लंडनमध्ये रोज आठ-दहा मैल चालण्याने आपण निरोगी राहिलो असे त्यांनी लिहून ठेवले, आणि राजवाड्याच्या आवारातही सकाळ-संध्याकाळची फेरी त्यांनी चुकवली नाही.

प्रथेचा विस्तार

स्वातंत्र्यानंतर मराठी शहरांत नोकरी, पेन्शन आणि बैठे जीवन यांचा विस्तार झाला, तशी उतारवयातील स्थूलता ही राजेरजवाड्यांपुरती न राहता सर्वसामान्य कुटुंबांची समस्या झाली. उपवासाची धार्मिक परंपरा या बाबतीत फारशी मदतीला आली नाही, कारण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे आणि तूप यांच्या उपवासाने पोट हलके होत नाही हे पुरेपूर ठाऊक होते. खरा फरक पडला तो गटांमुळे. ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव निघाले, आणि १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या अंधेरी भागातील एका बागेत पाच जणांसह हास्यक्लब सुरू केल्यावर ती कल्पना महाराष्ट्रभर पसरली. हास्यक्लबाने वजन किती घटते याविषयी मोठा दावा करता येत नाही; परंतु निवृत्त माणसाला रोज सकाळी घराबाहेर काढण्याचे काम त्याने केले, कारण न येणाऱ्याची दुसऱ्या दिवशी विचारपूस होई. मंगळागौरीच्या फुगड्या, झिम्मा आणि पिंगा हे एकेकाळी नवविवाहितेसाठी राखलेले खेळ आता प्रौढ स्त्रियांचे संच मंचावर करू लागले आहेत, आणि त्यांच्या तालमींमुळे ज्या स्त्रिया व्यायामशाळेची पायरी कधी चढल्या नसत्या, त्यांच्या शरीराला व्यायाम घडू लागला आहे.

आहाराच्या बाजूने एकविसाव्या शतकात दोन परस्परविरोधी मतांनी मराठी समाज ढवळून काढला. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घराघरांत पोहोचवलेला विचार असा की, प्रत्येक खाण्याबरोबर इन्शुलिन हे साखर साठवणारे संप्रेरक स्रवत असल्याने दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे, मध्ये काही खाऊ नये, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. उलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या अंतराने, स्थानिक आणि पारंपरिक पदार्थ खाण्याचा पुरस्कार केला. दोन्ही बाजूंच्या व्याख्यानांना गर्दी झाली, आणि दोन्ही मार्गांनी वजन उतरल्याचे अनुभव लोक सांगतात. याचे कारण खाण्याच्या वेळांपेक्षा एकूण खाण्यात शोधणे अधिक योग्य ठरते. चीनमध्ये १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उष्मांक सारखेच कमी केले असता खाण्याची वेळ आठ तासांत बांधल्याने वजनात लक्षणीय जादा घट आढळली नाही. म्हणजे जो नियम ज्या माणसाला वर्षानुवर्षे पाळता येतो, तो त्याच्यासाठी बरा. मात्र मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी जेवणांची संख्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज बदलणे धोक्याचे असते.

कस्तुरबा गांधी मार्ग जेथे संपतो, त्या इंडिया गेटच्या परिसरात या प्रथेला २०१५ मध्ये राष्ट्रीय रूप आले. त्या वर्षी २१ जून रोजी पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनी तेव्हाच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र योगासने केली आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. बडोद्याच्या सामुदायिक कवायतीची कल्पना आणि लोणावळ्याचे आसनांचे शास्त्र येथे एकत्र आले, असे म्हणता येईल. परंतु वर्षातील एका दिवसाचा सोहळा आणि रोजचा नेम यांत अंतर आहे, आणि उतारवयातील वजनाचा प्रश्न दुसऱ्यानेच सुटतो.

आजच्या वैद्यकाचा निवाडा

वृद्धांच्या व्यायामाविषयी गेल्या तीन-चार दशकांत जमा झालेला पुरावा वाग्भटाच्या निषेधाच्या स्पष्टपणे विरुद्ध जातो. वयाबरोबर स्नायूंचे आकारमान आणि बळ घटत जाते. या घटीला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव सुचवले. केवळ कमी खाऊन वजन घटवले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवत असतानाच माणूस जिना चढण्यास किंवा खुर्चीतून उठण्यास असमर्थ होऊ शकतो. अमेरिकेत ६५ वर्षांपुढील १६० स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहारनियंत्रणाला चालण्यासारखा दमसासाचा आणि वजन उचलण्यासारखा ताकदीचा असे दोन्ही व्यायाम जोडलेल्या गटाची शारीरिक क्षमता २१ टक्के सुधारली, तर एकच प्रकार करणाऱ्यांची १४ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही ६५ वर्षांपुढील व्यक्तींना आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगितला आहे. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे आणि आधाराजवळ एका पायावर उभे राहणे, या कृती दंडबैठकांचीच सौम्य रूपे आहेत, आणि त्यांसाठी व्यायामशाळेची गरज नाही.

ध्येय किती ठेवावे, याचे उत्तरही माफकच आहे. भारतीयांमध्ये कमी वजनालाही मधुमेहाचा धोका वाढत असल्याने २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या निर्देशांनुसार किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक २३ च्या पुढे गेल्यास अतिवजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते, तर कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावा असे सांगितले जाते. तरीही या आकड्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे असे नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वजनाची सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल एवढेच ध्येय ठेवले असता मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, आणि साठीपुढील गटात तर ७१ टक्क्यांनी. सत्तर किलोच्या माणसासाठी ही घट पाच किलोपेक्षाही कमी भरते. ती आठवड्याला अर्ध्या किलोहून वेगाने करू नये, दर जेवणात डाळ, उसळ, ताक, दही, अंडे किंवा मासे यांपैकी प्रथिने देणारा एखादा पदार्थ असावा, आणि भाकरी-भाताच्या आधी भाजी ताटात घ्यावी, एवढे पथ्य बहुतेकांना पुरते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे, आणि कोणताही प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर आनंद न मानता तपासणी करावी.

अर्धशक्तीचा जुना नियम या आधुनिक शिस्तीत वेगळ्या शब्दांत परत आला आहे. मध्यम श्रम ओळखण्यासाठी आज जी कसोटी दिली जाते ती अशी की, चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये; तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबावे ही सुश्रुताची खूण याहून फार दूर नाही. देश आणि काल पाहून व्यायाम करण्याचा त्याचा इशाराही दिल्लीत शब्दशः लागू पडतो, कारण हिवाळ्यात हवेचे प्रदूषण वाढते त्या दिवसांत पहाटेची फेरी फुप्फुसाच्या व हृदयाच्या रुग्णांना अपाय करू शकते, आणि मे-जूनमध्ये ऊन चढल्यावर चालणे सर्वांनाच घातक असते. अशा दिवशी कस्तुरबा गांधी मार्गाच्या पदपथाऐवजी घरातील व्हरांडा किंवा इमारतीचा जिना वापरणे शहाणपणाचे ठरते.

उमेद टिकवण्याबाबत या संपूर्ण इतिहासातून एकच निष्कर्ष निघतो. भवानरावांना वेळेने, गांधींना मोजणीने, हास्यक्लबाच्या सभासदांना सोबतीने आणि मंगळागौरीच्या संचांना आनंदाने सांभाळले. निव्वळ निश्चयाच्या बळावर कोणीही दशकानुदशके टिकले नाही. निश्चय हा सुरुवातीला लागतो, पण आजारपण, पाहुणे, लग्नसराई किंवा प्रवास यांमुळे नेम मोडला की तो पुन्हा जोडण्याचे काम व्यवस्थेलाच करावे लागते. म्हणून महाराष्ट्र सदनात जेवून निघालेल्या साठीच्या गृहस्थाने पुरणपोळीबद्दल अपराधी वाटून घेऊन दुसऱ्या दिवशी उपाशी राहण्यापेक्षा, दुसऱ्या दिवशीची फेरी ठरलेल्या वेळी पुरी करणे अधिक हिताचे आहे. आरंभ करू पाहणाऱ्याने किती किलो उतरवायचे हे ठरवण्याआधी कोणत्या वेळी, कोणत्या वाटेवर आणि कोणाबरोबर चालायचे हे ठरवावे, घरातील एकाला पथ्यात सामील करून घ्यावे, आणि पहिले तीन महिने आपल्याला झेपते त्याच्या निम्मेच करावे. कारण उतारवयात बेताने केलेला पण न चुकलेला व्यायामच अंगी लागतो.